मास्तरांच्या चार हातांची हकिकत

आयुष्मती, सकलगुणमंडित, स्वारीच्या दिवशी वय दिवस चार, वजन तीन किलो दोनशे, अद्याप नाव न ठेविलेल्या नातसाहेब यांचे सेवेसी लिहिण्यास कारण की, आपण आपल्या आयुष्यातील पहिल्या स्वारीत जातीने हजर होता, परंतु दवाखान्याच्या पायरीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत गाढ झोपेत होता, आणि त्या दिवशी काय काय घडले, कोण चुकले, कोण सावरले, हे आपणांस कळण्याचा काही मार्ग उरला नाही. म्हणोन आपल्या मातोश्रींची आज्ञा जाहली की सारी हकिकत मुळापासून, कमीजास्त न करिता, कोणाची भीड न धरिता, विशेषेकरोन आजोबांची भीड न धरिता, लिहोन ठेवावी. आज्ञेप्रमाणे लिहिली असे. मोठेपणी सवडीने वाचावी, परंतु गाडी चालवीत असता वाचू नये.

आपले आजोबा, ज्यांस सारे शहर मास्तर म्हणोन ओळखते, ते पस्तीस वर्षे शिलाईच्या दुकानाचे धनी. दुकानात यंत्रे दोन, आरसा एक, इस्त्री एक, आणि हुकमत अशी की गिऱ्हाईक दारातून आत येईतो मास्तरांनी नजरेनेच त्याचे माप घ्यावे आणि ते सहसा चुकू नये. डावखुरे असोन कात्री चालविण्यात उजव्यांस भारी. आणि त्यांचा कायदा एकच, की माप बरोबर घेतले आणि शिवण पक्की घातली म्हणजे काम झाले, मग त्याकडे पुन्हा पाहणे नको. हा कायदा विजारीस ठीक. पुढे जे प्रकरण उद्भवले ते मास्तरांनी तोच कायदा मोटारीस लाविला म्हणोन उद्भवले.

आपल्या आजी बाईसाहेब यांची दौलत निराळी. एकतीस वर्षे त्यांनी मोटार शाळा चालविली, आणि त्यांच्या त्या पांढऱ्या गाडीत शिकविणाराच्या पायाशीही एक ब्रेक असे, आणि त्या ब्रेकाच्या जोरावर त्यांनी दोन हजार माणसे सरळ केली. दंतवैद्य शिकविले, बेकरीवाले शिकविले, नवऱ्यावर रागावून आलेल्या बायका शिकविल्या, पण ओळखीवर किंवा रडण्यावर कधी एकास पास म्हटले नाही. मास्तरांसही तीन वेळा शिकविले. तिसऱ्या वेळी मास्तरांची नजर वाटेतल्या एका दुकानातल्या कोटावर गेली, कोटाचा खांदा नीट बसला नव्हता, ते पाहून त्यांचा जीव तळमळला, आणि तेवढ्यात गाडी पदपथावर चढोन फुलझाडांच्या सात कुंड्या कामास आल्या. तेव्हा बाईसाहेबांचे फर्मान सुटले, ते येणेप्रमाणे: "तुम्ही शिवा. मी चालवते." तेव्हापासून घरचा कारभार त्या तहावर चालला. परवाना मात्र मास्तरांनी मागाहून काढिला, आणि तोही समोरच्या गल्लीतील दुसऱ्या मोटार शाळेतून, बाईसाहेबांस न कळविता. घराण्याच्या इतिहासात याहून मोठी फितुरी नाही. बाईसाहेबांनी त्याची क्षमा केली, विसर मात्र पडू दिला नाही.

आता बाईसाहेबांच्या उजव्या पायाचा करीना, म्हणजे सविस्तर हकिकत, सांगणे अवश्य. एकतीस वर्षे दुसऱ्याच्या हाती चाक आणि आपल्या पायाखाली ब्रेक, ऐशी सवय जडल्याने तो पाय बसमध्ये बसला तरी दाबी, शेजाऱ्यांच्या गाडीत बसला तरी दाबी, घरी टीव्हीवर मोटारींचा पाठलाग चालला तरी सोफ्यापुढील चटई दाबी. दाबता दाबता गुडघा निकामी जाहला, शस्त्रक्रिया जाहली, आणि डॉक्टरांनी जाबता घालोन दिला की सहा आठवडे गाडी चालविणे नाही आणि उजव्या पायाने काहीएक दाबणे नाही. पहिली गोष्ट बाईसाहेबांनी पाळिली. दुसरी त्यांच्या हातची नव्हती, आणि जेव्हा जेव्हा पाय दाबला जाई तेव्हा तेव्हा त्यांच्या डोळ्यांस पाणी येई, पण त्या बोलत नसत.

याच सुमारास मास्तरांनी नवी गाडी आणिली, जी अर्धीमुर्धी आपली आपण चाले. मोठ्या रस्त्यावर एक कळ दाबली की ती पट्ट्यांकडे पाहोन मधोमध राही, पुढल्या गाडीच्या बेताने हळू किंवा जलद होई, वळणही थोडेबहुत घेई. अट इतकीच की चालविणाराने चाकावर हात ठेवावे आणि रस्त्यावर नजर ठेवावी. हात काढिले की दहा अंक मोजेतो गाडीतून एक मंजुळ वाणी निघे, की कृपया स्टिअरिंग धरा, आणि तरी न धरिले तर ती वाणी मंजुळ राहत नसे. गाडीसोबत चारशे पानांचा किताब आला होता. त्याच्या आरंभीच्या पानांत चौकटी घालोन ठळक अक्षरांत साऱ्या ताकिदी छापिल्या होत्या, पण कागद मोठा सुबक, घडी न मोडणारा, आणि मास्तरांस त्याच दिवशी आपल्या टोपड्याचा नमुना कापावयाचा होता, म्हणोन पहिली आठ पाने त्या कामी खर्ची पडली. बाकीचा किताब मास्तरांनी भक्तिभावाने वाचिला. त्यात मागली काच कशी पुसावी ते होते.

मग आपला जन्म जाहला, आणि आनंदीआनंद जाहला. आपले वडील दूर समुद्रात जहाजावर नोकरीस, ते महिनाभर येणार नव्हते. तेव्हा आपल्या मातोश्रींनी दवाखान्यातून फोनवर खलिता धाडिला, तो शब्दशः असा: "बाबा, मंगळवारी अकराला सोडतायत. न्यायला या. पण आई शेजारी हवी. आणि इथे पोचलात की मी आईला विचारणार, बाबांनी नीट चालवली का. ती हो म्हणाली तरच बाळ तुमच्या गाडीत."

या कलमाचा भार मास्तरांच्या उरावर किती पडला हे सांगितल्याशिवाय पुढील गोष्ट कळणार नाही. तीस वर्षांमागे आपल्या मातोश्री जन्मल्या, तेव्हा पाचव्या दिवशी खासा बाईसाहेबांनी चाक हाती घेऊन लेकीस घरी आणिले होते, आणि मास्तर मागल्या बाजूस पिशव्या, थर्मास व एक उशी यांच्यासह तैनात होते. लेक घरी आली, ती मास्तरांनी आणिली नाही. हे शल्य त्यांनी कोणास सांगितले नाही, पण शिवता शिवता सुई थांबे तेव्हा तेच आठवत असे. आता नात आपण आणावी, आपल्या गाडीतून, आपल्या हातचे टोपडे घालोन, एवढी एकच इच्छा त्यांनी धरिली होती, आणि ती वाईट नव्हती.

परंतु टोपडे पुरे होईना. मास्तरांनी ते चार वेळा शिवले आणि चार वेळा उसविले, कारण ज्या डोक्यावर ते बसणार ते डोके त्यांनी फोनवरच पाहिले होते, आणि नजरेने माप घेणाराचे डोळे त्या डोक्यापाशी येताच भरून येत. सोमवार मावळला तेव्हा हनुवटीखाली बांधावयाचे दोन्ही बंद लावणे बाकी होते. मास्तरांनी मसलत केली, ती एकट्यानेच केली, म्हणोन चुकली. मसलत अशी की वाट सात कोसांची, त्यातली पाच कोस मोठ्या रस्त्याची, तेथे गाडी आपली आपण चालणार, मग आपले हात फुकट का दवडावे. गाडीस चाकावर हातांचा भार पाहिजे, तर तिला हात द्यावे, आणि आपल्या हातांनी बंद लावावे.

म्हणोन मास्तरांनी सुटाच्या उरलेल्या तपकिरी कापडाचे दोन हात शिविले. आपल्याच हातांचे माप घेतले, बोटे सुटी सुटी काढिली, आत बारीक वाळू भरिली, नखांच्या जागी गुलाबी रेशमाने टाके घातले, आणि आपण डावखुरे म्हणोन डावा हात उजव्याहून पाव किलो जड ठेविला. मंगळवारी सकाळी बाईसाहेब वेणी घालीत असता त्यांनी ते चाकास मजबूत दोऱ्याने दुहेरी टीप मारून पक्के केले, आणि वरून टॉवेल पसरिला. बाईसाहेबांनी येऊन विचारिले, टॉवेल कशास. मास्तर म्हणाले, चाक उन्हाने तापते. त्या दिवशी आभाळ होते, पण बाईसाहेबांचे लक्ष गुडघ्याकडे होते, आणि तोफखाना आत येऊन बसला आहे हे त्यांस समजले नाही.

मंगळवारी साडेनऊस कूच जाहले. शहरातील वाट मास्तरांनी टॉवेलावरून चाक धरोन, जिवाच्या करारावर, जपून काढिली, आणि बाईसाहेबांचा पाय फक्त चार वेळा दाबला गेला. मग मोठा रस्ता लागला. मास्तरांनी कळ दाबिली, गाडीने चाल आपल्याकडे घेतली, आणि मास्तरांनी दूरचा चष्मा काढोन डबीत ठेविला, जवळचा चढविला, खिशातून टोपडे काढिले, आणि एखादा किल्ला लोकांस दाखवावा तसा टॉवेल बाजूस सारिला.

बाईसाहेब पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "हे काय आहे?"

"हात," मास्तर म्हणाले.

"कुणाचे?"

"माझेच. मापाचे आहेत."

बाईसाहेबांनी एकतीस वर्षांत क्लच आणि ब्रेक यांतला फरक न कळणारी माणसे पाहिली होती, डोळे मिटून वळण घेणारा एक सद्गृहस्थही पाहिला होता, पण स्वतःच्या हातांस नोकरीवर ठेविणारा पाहिला नव्हता. त्यांनी हुकूम केला, "गाडी बाजूला घ्या." मास्तरांनी दोरा ओविला. बाईसाहेबांनी दुसऱ्यांदा हुकूम केला, आणि या खेपेस त्यांचे नाव घेतले, जे त्या फार रागावल्याशिवाय घेत नसत. तेव्हा मास्तरांनी, मान वर न करिता, अर्ज केला, "हा एक बंद लावतो आणि घेतो. बघ ना, किती सरळ चाललीये."

आणि गाडी खरोखर सरळ चालली होती. तेच अरिष्ट होते.

पुढे रस्त्याचे काम काढिले होते. तेथे जुने पांढरे पट्टे पुसायचे राहिले होते आणि त्यांवरून नवे पिवळे पट्टे उजवीकडे वळविले होते, आणि डावी बाजू नारिंगी शंकू मांडोन बंद केली होती, आणि शंकूंच्या तोंडाशी लाल झेंडा घेतलेला एक इसम उभा होता. माणसास हे सारे एका नजरेत कळले असते. गाडीस पांढरे पट्टे शिकविले होते, तिने पांढऱ्या पट्ट्यांशी इमान राखिले आणि सरळ शंकूंवर चाल केली. चाकावर भार होता, म्हणोन मंजुळ वाणी गप्प होती. डावा हात तर अंमळ जास्तच जबाबदार वाटत होता.

बाईसाहेबांचा उजवा पाय पुढल्या फळीवर सर्व बळानिशी बसला. खाली ब्रेक नव्हता. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "ब्रेक."

मास्तरांनी मान वर केली. डोळ्यांवर जवळचा चष्मा, त्यामुळे सारा मुलूख नारिंगी धुक्याने भरलेला दिसला. चाक धरावे म्हणोन हात टाकिले, तो धरण्याच्या दोन्ही जागा आधीच भरल्या होत्या. मास्तरांच्या हाती त्यांचेच हात आले. ते हात सोडीनात, कारण शिवण मास्तरांची होती. मग मास्तरांनी आपल्याच तपकिरी हातांस धरोन चाक उजवीकडे ओढिले, आणि ब्रेकवर उभे राहिले, आणि एक शंकू आडवा जाहला, मग दुसरा, आणि तिसरा गाडीच्या पोटाखाली जाऊन अडकला, आणि गाडी थांबली. झेंडेवाला आधीच उडी टाकोन बाजूच्या खडीच्या ढिगावर चढला होता. सुई मास्तरांच्या अंगठ्यात रुतली होती. या मोहिमेत सांडलेले रक्त तेवढेच.

झेंडेवाला खडी झटकीत उतरला, झेंडा काखेत मारिला, काच खाली करविली, आत पाहिले, पुन्हा पाहिले, आणि म्हणाला, "काका, किती हात आहेत तुम्हाला?"

मास्तर अंगठ्यातली सुई उपसू लागले.

"मी रोज इथं आठ तास उभा असतो," झेंडेवाला म्हणाला. तो रागाने बोलत नव्हता, त्यामुळे ऐकणे अधिक कठीण गेले. "मी गाडीकडे बघतच नाही. आत बसलेल्याच्या डोळ्यांकडे बघतो. डोळे मिळाले की समजायचं, याने आपल्याला बघितलंय. मग मी हलत नाही. तुमचे डोळे मिळाले नाहीत, म्हणून उडी मारली. हात दिसत होते हो चाकावर. मी हातांवर विसंबलो असतो तर?"

मग तो म्हणाला, "शंकू उचलून लावा," आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

मास्तरांनी बाईसाहेबांकडे पाहिले. त्यांचा पाय अजून फळीवर दाबलेला होता, दोन्ही हात गुडघ्याभोवती होते, आणि ओठ पांढरे पडले होते. पस्तीस वर्षे ज्यांनी एक बटण वाकडे लाविले नाही, त्यांनी आज दुसऱ्याच्या जिवावर टाका घातला होता, आणि परतीच्या वाटेवर मागल्या आसनावर आपण असणार होता, हे त्यांच्या मनात आले. त्यांनी हळूच विचारिले, "दुखतंय?"

"गाडीखालचा शंकू काढा आधी," बाईसाहेब म्हणाल्या.

मास्तरांनी शंकू काढिला, बाकीचे उभे केले, गाडी रस्त्याबाहेर मोकळ्या जागी लाविली, आणि हात उसवावयास बसले. दुहेरी टीप, मेणाचा दोरा, आणि प्रत्येक गाठ अशी की जन्मात सुटू नये. पाव तास लागला. आपल्या शिलाईचा पक्केपणा मास्तरांस आयुष्यात प्रथमच जड गेला. इकडे बाईसाहेबांनी दोन्ही आसनांच्या मध्ये पडलेले टोपडे उचलिले. एक बंद लागला होता, दुसरा लोंबत होता, आणि आतल्या बाजूस नमुन्याचा कागद अजून टाचलेला होता. त्यावर काही छापिलेले दिसले म्हणोन त्यांनी मोठ्याने वाचिले: "ही प्रणाली केवळ मदतीसाठी आहे. गाडीची जबाबदारी सर्वस्वी चाल". पुढे कात्री फिरली होती. पुढे कानाची गोलाई होती.

"चालकाची," मास्तर म्हणाले.

"हो. मला वाटलं शिंप्याची असेल."

मग बाईसाहेबांनी कागद घडी करोन आपल्या पर्सेत ठेविला, आणि ज्या आवाजात त्यांनी दोन हजार माणसे सरळ केली त्या आवाजात पहिला धडा पुन्हा आरंभिला, की चष्मा दूरचा, आरसा पाहणे, पट्टा लावणे, हात चाकावर, डोळे रस्त्यावर, आणि टोपडे माझ्याकडे. मास्तर प्रत्येक शब्दास होय बाई म्हणाले. उरलेली वाट गाडीने आपली मदत केली आणि मास्तरांनी आपली, आणि कोणी कोणावर विसंबले नाही.

दवाखान्यात तिसऱ्या माळ्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर, आपण आपल्या मातोश्रींच्या कुशीत गुंडाळलेल्या होता. मास्तरांनी आपणांस प्रथम पाहिले आणि डोक्याचे माप नजरेने घेतले. टोपडे अर्ध्या बोटाने मोठे होते. पण बोलण्यास वेळ मिळाला नाही, कारण मातोश्रींनी कराराचे कलम तत्काळ पुढे केले: "आई, बाबांनी नीट चालवली का?"

बाईसाहेब खुर्चीत बसल्या होत्या, पाय लांब करोन. एकतीस वर्षांत त्यांनी न येणाऱ्यास पास म्हटले नव्हते, आणि मास्तरांचे ते शल्य त्यांस ठाऊक होते. मास्तरांनी कधी सांगितले नव्हते, तरी ठाऊक होते. ऐशा पेचात बाईसाहेब त्यापूर्वी कधी सापडल्या नव्हत्या.

तेव्हा मास्तरांनी, कोणी न सांगता, अवजारांच्या पिशवीतून ते दोन तपकिरी हात काढिले आणि पलंगाशेजारच्या तिवईवर, औषधांच्या बाटल्यांत, ठेविले. "आईला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी सांगतो." आणि सारे सांगितले. चष्मा सांगितला, झेंडेवाला सांगितला, आईचा पाय सांगितला. बंद लावीत होतो हेही सांगितले, पण ते सबबीसारखे वाटू नये म्हणोन भरभर सांगितले.

मातोश्रींनी एक हात उचलून पाहिला. "नखं पण काढलीत," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "बाबा, मी टॅक्सी बोलावते."

"बोलाव," मास्तर म्हणाले, आणि स्टुलावर बसले, आणि आपले खरे हात मांडीवर ठेवोन त्यांकडे पाहात राहिले. दौलत गेल्यावर सरदार बसतो तसे ते बसले नव्हते. चूक कळलेला म्हातारा बसतो तसे बसले होते, आणि ते पाहणे जास्त जड होते.

मातोश्रींनी फोन हाती घेतला. तेव्हा बाईसाहेब बोलिल्या, आणि परीक्षेत बोलतात तसे बोलिल्या. "एक मिनिट. मास्तर, समोर झेंडेवाला उभा आहे. काय बघायचं?"

"त्याचे डोळे."

"गाडी म्हणाली, मी बघते रस्ता. तर?"

"तर म्हणायचं, बघ. मी पण बघतोय."

"आणि दुसरा बंद?"

मास्तरांनी टोपड्याकडे पाहिले. "राहू दे. एकावर निभेल."

मग बाईसाहेबांनी निकाल दिला, आणि तो मातोश्रींस दिला. "टॅक्सीवाल्याला मी ओळखत नाही. यांना आज ओळखते. बाळ आपल्या गाडीत जाईल. मी मागे बसते."

मातोश्रींचा फोन हातातच राहिला. कारण बाईसाहेब जन्मात कधी कोणाच्या गाडीत मागे बसल्या नव्हत्या. मागल्या आसनापुढे दाबावयास काही नसते, पुढला रस्ता धड दिसतही नाही, आणि तेथे बसणे म्हणजे दुसऱ्याच्या हाती जीव देऊन स्वस्थ राहणे. हे तिघांसही समजले. मातोश्रींनी फोन ठेविला.

परतीच्या स्वारीची मांडणी ऐशी: मागे मधोमध आपण, आपल्या खास आसनात पट्ट्यांनी बंदोबस्त केलेल्या, डोक्यास एका बंदाचे टोपडे, जे एका डोळ्यावर उतरले होते. डावीकडे मातोश्री, उजवीकडे बाईसाहेब. पुढे मास्तर, दूरचा चष्मा चढवोन. त्यांच्या शेजारचे आसन रिकामे, म्हणोन तेथे अवजारांची पिशवी आणि तपकिरी हात ठेविले, तर गाडीने भार ओळखोन गजर मांडिला की प्रवाशाने पट्टा लावावा. गजर थांबेना. तेव्हा मास्तरांनी उठोन त्या हातांस पट्टा बांधिला, आणि गाडीचे समाधान जाहले. "अजून तुझा विश्वास आहेच का त्यांच्यावर," असे मास्तर गाडीस म्हणाले, आणि मातोश्री त्या दिवसात पहिल्याने हसल्या.

बारा वाजोन दहा मिनिटांनी कूच जाहले. वाटेत एक कुत्रा आडवा आला, तो मास्तरांनी पाहिला. एका गाडीने खूण न देता तोंड घातले, तीही पाहिली. एका पोरीच्या फ्रॉकची बाही उलटी शिवली होती, ती पाहिली नाही, आणि हे त्यांच्यासाठी सर्वांत अवघड होते. मोठ्या रस्त्यावर त्यांनी कळ दाबिली, गाडी मदतीस आली, आणि मास्तरांनी चाक असे धरिले की मंजुळ वाणीस बोलण्याची एकदाही संधी मिळाली नाही.

मग ते रणक्षेत्र आले. परतीची बाजू दुसरी होती, पण खोदकाम इकडेही पोहोचले होते आणि झेंडेवालाही इकडे आला होता. पांढरे पट्टे पुन्हा सरळ गेले, पिवळे वळले. गाडीने पांढऱ्यांकडे ओढा घेतला, तो मास्तरांनी आधीच ओळखोन चाक आपल्याकडे घेतले, वेग उतरविला, आणि मान थोडी पुढे काढोन झेंडेवाल्याकडे पाहिले. झेंडेवाल्याने काचेतून आत पाहिले. डोळे मिळाले. झेंडेवाला जागचा हलला नाही. त्याने हिरवा झेंडा वर केला, आणि गाडी त्याच्या अंगावर वाऱ्याची झुळूकही न घालता पुढे गेली, आणि मातोश्रींनी मागे वळोन पाहिले तो झेंडेवाला दोन बोटे दाखवीत होता, म्हणजे आज दोनच हात दिसले.

दुपारी एक वाजण्याच्या सुमारास स्वारी घरासमोर दाखल जाहली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि दप्तरी नोंद केली ती अशी की अंतर सात कोस, शंकू जाताना तीन पडले, येताना एकही नाही, जखमी एक, तो अंगठा. तपकिरी हात दोन, त्यांस गाडीच्या खिजमतीतून बडतर्फ करोन दुकानात कापड दाबावयास ठेविले, तेथे ते इमानाने काम करितात. नमुन्याचा कागद बाईसाहेबांनी चौकटीत घालोन आरशाशेजारी लाविला, कानाच्या गोलाईसकट. टोपड्याचा दुसरा बंद अद्याप लागला नाही, आणि आता लावूही नये ऐसा मातोश्रींचा हुकूम आहे.

आणि जी गोष्ट लिहिण्यासाठी हा सारा कागद खर्च केला ती ही. गाडी थांबली, तेव्हा बाईसाहेब आपल्या गुडघ्याकडे पाहात म्हणाल्या, "येताना पाय दाबलाच नाही की मी." मग त्या उतरल्या, मातोश्री उतरल्या, आपणांस आत नेले, दार लागले. बराच वेळ जाहला तरी मास्तर येईनात, म्हणोन बाईसाहेब काठी टेकीत परत आल्या. मास्तर तसेच बसले होते. इंजिन बंद, रस्ता मोकळा, दोन्ही हात चाकावर, डोळे समोर. बाईसाहेबांनी काचेवर टकटक केली आणि या मोहिमेचे शेवटचे फर्मान सोडिले: "पोचलो. सोडा आता."

तेव्हा त्यांनी सोडिले. हे आजीच्या सांगण्यावरून लिहिले, आणि आजोबांनी वाचोन, खाली तोच सुई रुतलेला अंगठा टेकोन सुईच्या टोकाएवढा डाग पाडोन, कबूल केले असे.